सहाव्या रिळातला हातमोजा

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, म्हणजे मग नीट ऐकता येईल. हा आंबट वास माझाच आहे. मी एक जुने रीळ आहे. चित्रपटाचे रीळ, सात भावंडांतले सहावे. फिल्म म्हातारी झाली की तिला असा वास सुटतो. मग ती आकसते, एकमेकीला चिकटते आणि शेवटी डब्यात नुसता लगदा उरतो. माझ्या थोरल्या पाच भावंडांचे तसे झाले आहे. धाकट्याच्या डब्याचे झाकण गंजून घट्ट बसले आहे, त्यामुळे आत काय चालले आहे ते त्याचे त्यालाच ठाऊक. उद्या भंगाराची गाडी येणार आहे. म्हणून मी घाईत आहे. सांगताना काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. एरवी मी फार शिस्तीचे होते. वीस मिनिटे म्हणजे वीस मिनिटे, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

तो एक सेकंद, खरे तर दीड सेकंद, माझ्यातून कसा गेला तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म फिल्म धुण्याच्या कारखान्यात झाला. तिथे सगळे काम अंधारात चालते. माझ्यावर चित्रपटही अंधाराचाच छापला गेला. त्याचा नायक दिवसा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचा आणि रात्री काळे कपडे, काळे हातमोजे चढवून, तोंडाला काजळी लावून गुंडांच्या मागे लागायचा. माणसे तोंडाला काळे फासले म्हणजे बेअब्रू झाली असे मानतात. हा आपणहून फासून घ्यायचा. तो उडत नव्हता, त्याच्या डोळ्यांतून ज्वाळा निघत नव्हत्या. मार खाल्ला की त्याला लागायचे. प्रेक्षकांनी त्याचे नाव काजळ्या ठेवले. आणि ज्या दुष्टाने साऱ्या शहराचे पाणी कोंडून धरले होते, त्याचे नाव पडले नळवाला. एवढा पैसा खर्चून, दोन वर्षे राबून लोकांनी एक भयंकर खलनायक उभा केला आणि पब्लिकने त्याला नळवाला करून टाकले.

मी ज्या चित्रपटगृहात आले तिथे केबिन वर होती. केबिन म्हणजे मशीनची खोली. पुढच्या भिंतीत दोन लहान झरोके, त्यांतून प्रकाश पडद्यावर जायचा. मागच्या भिंतीला खिडकी आणि तिच्याशी टेबल. खेळ संपला की ऑपरेटर त्या टेबलावर आम्हाला उलटे गुंडाळायचा. खिडकीच्या बरोबर खाली प्रेक्षकांचे बाहेर पडायचे दार. त्यामुळे लोक बाहेर येऊन जे जे बोलायचे ते गुंडाळता गुंडाळता माझ्या कानावर पडायचे.

आणि काय काय बोलायचे म्हणून सांगू! उचलली जीभ लावली टाळ्याला. एक शिंपी म्हणाला, "काळ्यावर काळी शिवण! कुणी मर मर मरून शिवलं असेल, पण दिसला का एक टाका तरी?" शाळेतले एक मास्तर म्हणाले, "मुलांनी यातून घ्यायचं काय? दिवे फोडायचे आणि छपरावर चढायचं?" एक आजी नातवाला विचारत होती, "बाळा, तुला काही दिसलं का रे? मला वाटलं माझा चष्माच घरी राहिला." एक नर्स डोळे पुसत म्हणाली, "पहिल्यांदा असा नायक बघितला ज्याला जिंकूनसुद्धा बरं वाटत नाही." तिचा नवरा म्हणाला, "बरं वाटत नाही तर डॉक्टरकडे जायचं, आम्हाला कशाला दाखवता?" कुणी तो सर्वांत थोर चित्रपट आहे म्हणून सांगत होते, कुणी निम्म्यातून उठून जात होते. मला त्या भांडणांचा राग कधीच आला नाही. आपल्यावरून माणसे भांडतात याचा थोडा गर्वच होता, खोटे कशाला बोलू?

पण एका गोष्टीवर कुणाचे दुमत नव्हते. ती गोष्ट माझ्या पोटात होती.

काजळ्या आणि नळवाला पाण्याच्या उंच टाकीवर झुंजतात. वरून पाऊस. नळवाल्याचा पाय घसरतो आणि तो कडेला लोंबकळतो. काजळ्या आडवा पडून त्याचा हात धरतो. ज्याने आपल्या बहिणीला तहानेने मारले, त्याचा हात! प्रेक्षागृहात तेव्हा कुणी खोकतसुद्धा नसे. मग पावसाने भिजलेला हातमोजा काजळ्याच्या हातावरून निसटू लागतो. आधी मनगट, मग तळवा, मग एकेक बोट. हातमोजा नळवाल्याच्या मुठीत राहतो आणि त्याच्यासकट खाली जातो. वर काजळ्याचा उघडा हात तसाच पसरलेला. मग त्याचा चेहरा दिसतो. बस्स. दीड हात फिल्म, म्हणजे पडद्यावर दीड सेकंद, एवढाच तो हातमोजा निसटण्याचा भाग. त्याने सोडले नव्हते, हे लहान पोरालाही कळत होते.

आता वहिनींविषयी सांगते. तिकिटाच्या खिडकीत बसायच्या त्या वहिनी. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. दुपारच्या खेळाची तिकिटे विकून झाली की त्या चहाचे दोन पेले घेऊन केबिनमध्ये यायच्या, एक स्वतःला आणि एक ऑपरेटरला. त्यांचा नवरा अग्निशमन दलात होता. त्याला सगळे बंबवाला म्हणत. धिप्पाड माणूस, बोलणे कमी. आमचा चित्रपट लागण्याच्या दोन महिने आधी कापडाच्या एका गोदामाला आग लागली होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक कामगार लोंबकळत होता. बंबवाल्याने शिडीवरून त्याचा हात धरला. आणि तो कामगार खाली पडला, गेला.

"लोक म्हणतात, सोडला," वहिनी सांगत होत्या. "ह्यांना स्वतःला काही आठवत नाही. धूर होता म्हणतात. शिडीवरून खाली कसे आले तेही आठवत नाही. रात्रंदिवस उजव्या हाताकडे बघत बसतात. मला विचारतात, मी सोडला का गं? आता मी काय सांगू भाऊ? मी तिथं होते का?"

ऑपरेटर चहा पीत नुसता मान हलवायचा. मनाने वाईट नव्हता तो. मऊ होता. मऊ माणसाकडून काय होते ते पुढे येईलच.

पहिल्या आठवड्यात वहिनींनी चित्रपट पाहिला. खेळ संपताच त्या जिना चढून धावत वर आल्या. धाप लागलेली, डोळे भरलेले.

"भाऊ, हातमोजा!" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हे घरी आले तेव्हा एकच हातमोजा होता. डाव्या हातातला. उजव्या हाताला नव्हताच. खात्यानं तर पत्र पाठवलं, हातमोजा कसा हरवला त्याचा खुलासा करा म्हणून. आम्ही म्हटलं, पडला असेल कुठं गडबडीत. पाण्यानं भिजलेलं असतं हो सगळं! तो माणूस हातमोज्यासकट खालच्या आगीत गेला. ह्यांनी सोडलं नव्हतं!"

"मग सांगा की त्यांना," ऑपरेटर म्हणाला.

"मी सांगून नाही पटायचं. बायको आहे मी, समजूत काढते असंच वाटेल. त्यांनी स्वतः बघायला पाहिजे."

पण बंबवाला घराबाहेर पडायला तयार नव्हता. वहिनी रोज मागे लागत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तेवढ्यात तिसऱ्या आठवड्यातला तो गुरुवार उजाडला.

आमच्या ऑपरेटरला एक खोड होती. त्याला लोकांची भांडणे ऐकायचा नाद होता. त्या दुपारी मी मशीनवर धावत होते आणि खाली पुढच्या खेळाला आलेली दोन माणसे हमरीतुमरीवर आली होती, काजळ्या शूर की भित्रा यावरून. ऑपरेटर मशीन सोडून मागच्या खिडकीत जाऊन ओणवा झाला. हसत होता. मशीनचा एक दाता झिजलेला आहे हे त्याला माहीत होते. म्हणून तर बाजूला उभे राहायचे असते. त्या दात्याने माझ्या कडेची भोके पकडली आणि ओरबाडली. चर्र झाले. मी ओरडले, म्हणजे माझ्या परीने खडखडले, पण त्याला खालची भांडणे ऐकू येत होती. मी ऐकू आले नाही. पडदा पांढरा झाला आणि खालून शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा तो धावत आला.

दोन मिनिटांत त्याने काम उरकले. फाटलेला भाग कात्रीने कापला, दोन टोके खरवडली, सोल्यूशन लावून चिकटवली आणि मला पुन्हा चालू केले. कापलेला तुकडा बरोबर दीड हात होता. बरोबर तोच.

मित्रांनो, फिल्म तुटणे हा काही गुन्हा नाही. प्रत्येक रिळाच्या डब्यात एक कार्ड असते. त्यावर लिहायचे, कोणते रीळ, किती तुटले, कसे तुटले, आणि खाली सही. ते कार्ड पाहून वितरक तेवढा तुकडा नवा छापून पाठवतो. आठ दिवसांत मी पुन्हा धडधाकट झाले असते. ऑपरेटरने कार्ड काढले, पेन उघडले. पण 'कसे तुटले' या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. मशीन सोडून गेल्याबद्दल त्याला आधी दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा नोकरीच गेली असती. त्याने पेन खिशाला लावले, कार्ड कोरेच परत ठेवले आणि तो तुकडा खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे त्याला वाटले असावे.

आणि पडद्यावर काय झाले? काजळ्या हात धरतो आणि पुढच्याच क्षणी त्याचा हात पसरलेला, नळवाला खाली. मधले काही नाही. मग तोच चेहरा. गंमत पाहा, त्या चेहऱ्यात मी एका रेषेचाही फरक केला नव्हता. आधी लोकांना त्यात दुःख दिसायचे, आता त्याच चेहऱ्यात थंडपणा दिसू लागला.

"सोडला!" लोक म्हणू लागले. "बरं केलं, मेला तो!" आणि दुसरे म्हणू लागले, "सोडला? मग हा कसला नायक?" ज्यांनी आधी पाहिला होता ते म्हणाले, "अहो, सोडला कुठं? हातमोजा निसटला!" झाले. घराघरांत भांडणे लागली. एक वकील आणि त्याचा मेहुणा खिडकीखाली एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मॅनेजरने हात चोळले आणि दारावर मोठा फलक लावला, 'सोडला की निसटला? स्वतः पाहा!' खरे-खोटे करायला लोक दुसऱ्यांदा येऊ लागले. ज्यांनी हातमोजा डोळ्यांनी पाहिला होता तेही पुन्हा आले, आणि आता तो दिसेना, तेव्हा चाचरत म्हणाले, "मला तसं आठवत होतं खरं... पण दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये असेल." हे मला सर्वांत जास्त लागले. माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही. आणि मी तर अपंग होते.

मी काय करू शकत होते? मी प्रत्येक खेळाला जीव तोडून सांगत होते. तुकडा गेला होता, पण त्याच्या लगेच पुढच्या चित्रांच्या अठरा चौकटी माझ्याजवळ होत्या. त्यांत काजळ्याचा हात उघडा आहे! मघाशी हातमोजा होता, आता नाही! सोडला असता तर हातमोजा हातातच राहिला असता ना? बघा की, अरे बघा की! पाऊण सेकंद मी तो उघडा हात पडद्यावर घराएवढा करून दाखवत होते, रोज तीनदा. पण अंधारात, पावसात, त्या बोटांवर कातडे आहे की चामडे, हे कोण बघतो? सगळ्यांचे मत आधीच ठरलेले असायचे. ते मत घेऊनच खुर्चीत बसायचे आणि तेच मत घेऊन उठायचे.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, बंबवाला आला. वहिनींनी त्याला स्वतः आत नेऊन बसवले. तिसरी रांग, भिंतीकडची खुर्ची. मशीनवर चढताना मला झरोक्यातून त्याचे डोके दिसले. मी मनाशी म्हणत होते, आज तरी मशीन बिघडू दे, दिवे जाऊ देत, छत पडू दे. पण तेव्हा नेमके सगळे सुरळीत चालले.

खेळ संपल्यावर ते दोघे खिडकीखाली उभे होते.

"बघितला?" वहिनींनी विचारले. त्यांचा आवाज इतका आनंदी होता!

"बघितला. सोडला त्यानं."

"अहो, हातमोजा..."

"हातमोजा नाही. काही नाही. मी पापणी हलवली नाही. सोडला." मग म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून तू रचलंस ना? तुलासुद्धा वाटतं मी सोडला. म्हणून तर रचावं लागलं."

वहिनी काहीतरी बोलू लागल्या, पण तो चालू लागला होता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. वहिनींनीच खिडकीतून तिकीट द्यायचे आणि त्याने त्यांच्याकडे न बघता घ्यायचे. आठ दिवस तो तिसऱ्या रांगेत बसला. माझी वेळ आली की पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरायचा. मला वाटायचे, याला तरी दिसेल. हा हातांचा माणूस आहे. पण त्याची नजर उघड्या हाताकडे नसायची, पडणाऱ्या माणसाकडे असायची. बिचाऱ्याला दुसरे काही दिसतच नव्हते.

नवव्या दिवशी वहिनी वर आल्या. चहा आणला नव्हता. ऑपरेटर टेबलाशी मला गुंडाळत होता.

"भाऊ, एकच विचारते. मी पहिल्या आठवड्यात पाहिलं ते होतं की नव्हतं?"

ऑपरेटरचा हात थांबला. मी त्याच्या बोटांत होते. डबी समोरच्या फळीवर होती, हाताच्या अंतरावर. बोल, मी म्हणत होते. बोल रे बाबा! एवढेच म्हण, फिल्म तुटली होती.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "रीळ पहिल्यापासून असंच आहे. तुम्हाला... भास झाला असेल. मनात तेच होतं ना तुमच्या."

वहिनी उभ्याच राहिल्या. मग स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "असेल. माझ्याच मनात असेल." आणि जिना उतरून गेल्या. उतरताना त्यांनी कठडा धरला होता हे मला अजून आठवते. त्याआधी त्या कधी धरत नसत.

त्यानंतर बंबवाला चित्रपटगृहात कधीच आला नाही.

पुढे माझी दशा सगळ्या जुन्या रिळांसारखीच झाली. चित्रपट उतरला. वर्षांमागून वर्षे गेली आणि आमच्या चित्रपटाला लोक अभिजात म्हणू लागले. मधूनमधून खास खेळ व्हायचे. मोठी माणसे भाषणे करायची. एकाने तर, नायकाने हात सोडणे हाच या कलाकृतीचा आत्मा आहे, असे तासभर समजावून सांगितले. टाळ्या पडल्या. माझ्या चिकटवलेल्या सांध्यावर उभे राहून ते भाषण चालले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. मग नवी यंत्रे आली, आमची मशीन बंद पडली, चित्रपटगृहाला कुलूप लागले आणि आम्ही सात डबे केबिनच्या कोपऱ्यात एकावर एक पडून राहिलो. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ओल. कुणी झाकण उघडून वारा दिला असता तरी चार वर्षे जास्त जगलो असतो.

काल सकाळी कुलूप उघडले. इमारत पाडायची आहे. जिन्यावर पावले वाजली, एक जोडी खुरडत चढणारी. ऑपरेटर आला होता, काठी टेकत. त्याच्यामागे वहिनी. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. एकतीस वर्षांनी दोघे एकत्र केबिनमध्ये आले होते.

"कशाला बोलावलंत भाऊ? इथं माझं काही सामान राहिलेलं नाही."

ऑपरेटरने खिशातून ती खोकल्याच्या गोळ्यांची डबी काढली. कसेबसे त्याने सगळे सांगितले. तो गुरुवार, खिडकी, दाता, कात्री, कोरे कार्ड. "हातमोजा होता वहिनी. तुम्ही पाहिलं ते खरं होतं. मी खोटं बोललो. हे बघा," असे म्हणून त्याने डबी उघडली.

आत तपकिरी, चिकट गोळा होता. ना चित्र, ना चौकट. माझा दीड हात तिथेच कुजून गेला होता. ऑपरेटरने तो नखाने उलगडायचा प्रयत्न केला, तो बोटांना चिकटला. मग तो म्हातारा जमिनीवर बसून ढसाढसा रडू लागला.

वहिनी रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सहा वर्षं झाली हे जाऊन. नोकरी त्या पिक्चरच्या वेळीच सोडली होती. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आमची. त्यांनी परत कधी तिचा हात धरला नाही. रस्ता ओलांडायचा असला की म्हणायचे, तू धर. तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी हात पाठीमागे बांधून उभे होते. शेवटी दवाखान्यात मी हात पुढं केला, तर त्यांनी आपला हात पांघरुणाखाली घेतला. मी सोडीन गं, म्हणाले." त्यांनी पदराने ओठ पुसले. "आणि मी, भाऊ, तुमचं ऐकून घरी गेले आणि त्यांना म्हणाले, मला भासच झाला होता. मीसुद्धा तेव्हापासून कधी कधी म्हणत आले, सोडलाच असेल यांनी."

मग त्या खाली वाकल्या आणि त्यांनी माझा डबा उघडला.

मला वाटले, आता त्या मला भिरकावून देणार. दिले असते तरी मी काही म्हणाले नसते. पण त्यांनी मला खिडकीशी नेले आणि हात हात उलगडत गेल्या. मी कडकडत होते, कडेने तुटत होते, पण म्हटले, तूट, पण आता दाखव. माझा सांधा जाड आहे. त्यांच्या बोटांना तो लागला. त्यांनी सांधा काचेपुढे धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा अगदी जवळ आणला.

"भाऊ," त्या म्हणाल्या. "सांध्याच्या अलीकडं हातमोजा आहे. पलीकडं नाही."

ऑपरेटरने वर पाहिले.

"पलीकडं हात उघडा आहे. हे तर कधी कापलं नव्हतं ना तुम्ही?"

"नाही."

"म्हणजे हे दिसत होतं. ते आठ दिवस इथं बसले होते, तेव्हा हे दिसत होतं." त्यांनी पिशवी उघडली. आत एक जुना जाडा हातमोजा होता, डाव्या हाताचा. तो त्यांनी काढला नाही, फक्त त्यावर हात ठेवला. "कार्ड कुठं आहे?"

कार्ड माझ्या झाकणात होते, पिवळे पडलेले, कोरे.

"लिहा," वहिनी म्हणाल्या.

ऑपरेटरने गुडघ्यावर कार्ड ठेवून लिहिले. अक्षर वेडेवाकडे आले, पण सही नीट केली.

"आता वाचा. इथं नाही. तिकडं तोंड करून." त्यांनी झरोक्याकडे बोट केले. "तिसरी रांग, भिंतीकडची खुर्ची."

खाली खुर्च्या नव्हत्याच. त्या आधीच उपटून नेल्या होत्या, फरशीत फक्त बोल्टची भोके उरली होती. छताच्या फटीतून ऊन पडले होते. ऑपरेटरने झरोक्याला तोंड लावले, जिथून मी रोज तीनदा ओरडत होते तिथूनच, आणि वाचले, "सहावे रीळ. दीड हात तुटले. चूक माझी."

"ऐकू नाही गेलं," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा."

त्याने पुन्हा वाचले, मोठ्याने. मग तिसऱ्यांदा. तेव्हा वहिनी स्वतः झरोक्याशी गेल्या आणि त्यांनी मोकळ्या प्रेक्षागृहात हाक मारली, "अहो! तुम्ही नव्हता सोडला!"

त्या केबिनमध्ये मी इतकी वर्षे इतकी मते ऐकली, वाद ऐकले, टाळ्या ऐकल्या. काल कुणी वाद घातला नाही. वाद घालायला कुणी उरलेच नव्हते.

वहिनींनी कार्ड पिशवीत हातमोज्याशेजारी ठेवले. जाताना त्यांनी मला पुन्हा गुंडाळले, घट्ट नाही, सैल, आणि झाकण अर्धवट उघडे ठेवले. मला वारा लागावा म्हणून असेल.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. माझे दिवस भरले. चित्रपटाबद्दल खुशाल भांडा. तो थोर म्हणा, टाकाऊ म्हणा, फार काळा म्हणा, मला काही वाटणार नाही. फक्त भांडण्याआधी एकदा विचारा, आपण सगळा पाहिला का? आणि तुमच्या हातून कधी काही तुटले, रीळ तुटो की आणखी काही, तर घाबरून कार्ड कोरे ठेवू नका. त्याच दिवशी लिहा. मी मोजले आहेत, सगळे मिळून सात शब्द लागतात. त्यांना एकतीस वर्षे लावू नका.